दहा रुपयांची बंदूक

खंडेनवमीच्या सकाळी आपल्या लष्करातल्या जुन्या वाड्यांमधून अजूनही शस्त्रपूजन होते. पाटावर तलवार, कट्यार, शेजारी घरातली विळी, पकड, हातोडी, मुलांची दप्तरे. आणि काही घरांत कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवलेली पुरुषभर उंचीची, लांब नळीची एक बंदूक. तलवारीला हार पडतो, तिची हकिगत सांगायला घरातले वडीलधारे पुढे सरसावतात. बंदुकीच्या वाट्याला झेंडूची दोन फुले येतात. तिच्याबद्दल विचारलेच, तर उत्तर ठरलेले असते : "ती होय, ती आपली तोड्याची. जुनी आहे. तिचं काय!"

या "तिचं काय"च्या मागे एक समजूत आहे, आणि ती आपण सर्वांनीच शाळेत उचलली आहे. इंग्रजांकडे सुधारलेली शस्त्रे होती, आपल्याकडे तोड्याच्या बंदुका आणि भाले होते, म्हणून आपण हरलो. समजूत सोपी आहे आणि एका अर्थी सोयीचीही आहे, कारण दोष लोखंडावर टाकला की माणसांकडे पाहावे लागत नाही. पण आपण ज्या शहरात राहतो, ज्या मोहल्ल्यांतून रोज ये-जा करतो, त्यांचा इतिहास या समजुतीला दुजोरा देत नाही.

मोहल्ल्यांची नावेच पाहा. जिन्सी नाला आपल्याकडे आहे, इंदुरातही जिन्सी आहे. तोफा, दारूगोळा आणि त्यांचा सारा सरंजाम सांभाळणारे खाते म्हणजे जिन्सी. कंपू हे नाव 'कँप'वरून आलेले. कवायती पलटणींच्या तुकडीला मराठी कागदपत्रांत कंपू म्हणत. आणि लष्कर तर लष्करच : १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला आणि तळाचे शहर झाले. म्हणजे आपला पत्ताच मुळी बंदुकांनी लिहिलेला आहे. मग त्या बंदुका कशा होत्या, हे एकदा नीट पाहायला हरकत नाही.

तोड्याची बंदूक : गरिबाची, पण लांब पल्ल्याची

तोड्याच्या बंदुकीची रचना अगदी साधी. लोखंडाची पट्टी तापवून गजाभोवती गुंडाळायची, सांधा ठोकून एकजीव करायचा, की नळी झाली. तिच्या मागच्या टोकाशी बाजूला एक बारीक भोक, त्याला कान म्हणतात. कानापाशी छोटी वाटी, तीत बारीक दारू घालायची, ती रंजक. शोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुताची दोरी म्हणजे जामगी किंवा तोडा. ती एका वाकड्या पट्टीच्या तोंडात धरलेली असते. खालचा चाप दाबला की पट्टी हळूच खाली येते, जळता तोडा रंजकेला लागतो, रंजक कानातून आत जाते आणि बार उडतो. कधी रंजक नुसतीच भुर्रकन जळते आणि आतला बार पेटतच नाही. असला फुसका बार बंदुका गेल्या तरी आपल्या बोलण्यात राहिला आहे.

या रचनेत कमानी नाहीत, गारगोटी नाही, नाजूक खटका नाही. गावातला लोहार ती घडवू शके आणि बिघडली तर दुरुस्तही करू शके. म्हणूनच ती स्वस्त होती, आणि स्वस्त म्हणून ती किल्ल्यावरच्या शिबंदीच्या, गढीच्या पहारेकऱ्याच्या, रानाची राखण करणाऱ्या शेतकऱ्याच्याही हाती पोहोचली.

तिच्यासमोर इंग्रजांची चकमकीची बंदूक होती, जिला त्यांचे शिपाई लाडाने 'ब्राउन बेस' म्हणत. हिंदुस्थानातल्या फौजांसाठी बनवलेल्या नमुन्याची नळी ३९ इंचांची. तिचा मोठा गुण म्हणजे वेग. तरबेज शिपाई मिनिटाला तीन बार काढी. पण या वेगाची किंमत मोजावी लागे. नळीचा व्यास पाऊण इंच, आणि गोळी त्याहून बरीच लहान ठेवलेली, म्हणजे ती झटकन आत उतरावी. अशी सैल गोळी नळीत इकडेतिकडे आपटत बाहेर पडते. शंभर पावलांच्या पुढे एका माणसावर नेम धरणे म्हणजे नशिबाचा भाग. म्हणून ती बंदूक रांगेने वापरायची असे. शेकडो जणांनी एकदम बार काढायचे, समोरच्या रांगेत कोणाला तरी लागेलच.

तोड्याच्या बंदुकीचे सारे याच्या उलट. तिची नळी लांब, अनेकदा चार फूट किंवा त्याहूनही जास्त. नळीचे लोखंड जाड, त्यामुळे दारू जास्त भरता येई. गोळी चिंधीत गुंडाळून घट्ट ठासलेली, त्यामुळे दारूचा जोर वाया जात नसे. चकमकीच्या घोड्याचा दणका बसून नेम हलतो, तसे हिच्यात होत नाही. तोडा अलगद खाली येतो आणि हात स्थिर राहतो. परिणाम असा, की ज्या अंतरावर ब्राउन बेसची गोळी भरकटे, तिथे ही देशी बंदूक माणूस टिपे. हे आपल्या अभिमानापोटी आम्ही म्हणतो असे नाही. तिच्या पल्ल्याची आणि नेमाची नोंद तिच्यासमोर उभ्या राहिलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनीच करून ठेवली आहे. तिची अफगाण बहीण म्हणजे जझैल. १८४२ च्या जानेवारीत काबूलहून माघार घेणाऱ्या इंग्रज फौजेला डोंगरकड्यांवरच्या जझैलांनी जेरीस आणले, तेव्हा खाली दरीतून उडवलेल्या ब्राउन बेसच्या गोळ्या वरपर्यंत पोहोचतही नव्हत्या.

आमच्या बडोदेकर आप्तांनाही हा अनुभव परका नाही. गायकवाडांच्या पदरच्या अरब शिबंदीने थकलेल्या पगारासाठी शहर अडवून धरले, तेव्हा १८०२ च्या डिसेंबरात कंपनीच्या फौजेला बडोद्याला वेढा घालावा लागला. हे अरब तोड्याच्या बंदुकीचे उस्ताद होते. १८१८ मध्ये मालेगावच्या किल्ल्यातही अरबांनीच इंग्रजांना आठवडेच्या आठवडे रोखून धरले.

अर्थात तिचे दोषही सांगितले पाहिजेत. ती भरायला वेळ फार लागे. तोडा सतत पेटता ठेवावा लागे, तो पावसात विझे आणि रात्री ठिणगीवरून शत्रूला ठावठिकाणा कळे. जळत्या तोड्याजवळ दारूच्या पिशव्या बाळगणाऱ्या माणसांना खेटून उभे करणे धोक्याचे, म्हणून कवायती रांग तिच्याने साधत नसे. तटबंदी, डोंगर, झाडी अशा ठिकाणी ती राणी. मोकळ्या मैदानात संगिनीच्या रांगेपुढे मात्र ती एकटी पडे.

आग्र्याचा कारखाना

ही उणीव महादजी शिंद्यांनी ओळखली. १७८४ मध्ये त्यांनी डी बॉयन या सव्हॉयच्या सरदाराला नोकरीस घेतले आणि दोन पलटणी उभ्या करायला सांगितल्या. तिथे एका स्कॉट माणसाचा प्रवेश होतो. त्याचे नाव सँगस्टर. तो आधी आपल्या शेजारच्या गोहदच्या राण्याच्या पदरी होता, म्हणजे महादजींच्या विरुद्ध बाजूला. पुढे तो डी बॉयनकडे आला आणि आग्र्याच्या शस्त्रशाळेचा प्रमुख झाला. तिथे तो तोफा ओती आणि चकमकीच्या बंदुका घडवून घेई. विलायती बंदुकीच्या तोडीची बंदूक तो दहा रुपयांत तयार करी, अशी त्याची ख्याती होती.

दहा रुपये! त्या बंदुकीसाठी ना जहाज लागले, ना सहा महिन्यांचा समुद्रप्रवास. लोखंड इथले, कोळसा इथला, हात इथल्या लोहार-सुतारांचे. सँगस्टरचे नाव राहिले, त्या कारागिरांची नावे राहिली नाहीत. पण युरोपी नमुना पाहून तो थोड्या काळात हुबेहूब उतरवणारे हात आग्रा-मथुरेच्या बाजारात आधीपासून होते, ही गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. पिढ्यान् पिढ्या तोड्याच्या नळ्या घडवल्या नसत्या, तर दहा रुपयांची चकमकी बंदूक झालीच नसती.

महादजी आणि डी बॉयन यांनी जुनी बंदूक टाकूनही दिली नाही. तेलंगी पलटणींना चकमकी बंदुका दिल्या, आणि नजीब पलटणींच्या हाती तोड्याच्याच ठेवल्या. वेगाचे काम एकीकडे, नेमाचे काम दुसरीकडे. १७९० मध्ये २० जूनला पाटण आणि १० सप्टेंबरला मेडते इथे या फौजेने राजपुतांच्या नावाजलेल्या घोडदळाला पाठ दाखवायला लावली. १७९३ मध्ये लाखेरीला तिने होळकरांच्या फौजेलाही हरवले. इंदूरच्या आमच्या मित्रांनी हे वाक्य क्षमा करून वाचावे. घरातल्या त्या भांडणाची किंमत पुढे दोघांनीही भरली.

१८०३ : कसोटी

या शस्त्रांची खरी परीक्षा १८०३ साली झाली. २३ सप्टेंबरला असई इथे आर्थर वेलस्ली शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर चालून गेला. लढाई त्याने जिंकली, पण त्याचे दीड हजारांवर लोक ठार आणि जखमी झाले. हाच वेलस्ली पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. उतारवयात त्याला विचारले गेले, की रणांगणावरची तुमची सर्वांत चांगली कामगिरी कोणती? तेव्हा त्याने वॉटर्लूचे नाव घेतले नाही, असईचे घेतले. १ नोव्हेंबरला लासवाडी इथे जनरल लेकची गाठ शिंद्यांच्या उत्तरेकडच्या पलटणींशी पडली. त्यांचे गोरे अधिकारी बहुतेक सोडून गेले होते, तरी त्या जागच्या हलल्या नाहीत. गोलंदाज तोफांपाशीच पडले. जिंकूनही लेक हादरला होता. यांना नेहमीचे अधिकारी असते तर निकाल काय लागला असता, याची धास्ती त्याने आपल्या पत्रात उघड बोलून दाखवली.

मग हरलो का? उत्तर बंदुकीत सापडत नाही, पगारपत्रकात आणि हुकूमनाम्यात सापडते. डी बॉयनच्या यशाचे निम्मे रहस्य असे होते, की शिपायाचा पगार वेळेवर व्हावा म्हणून महादजींनी दुआबातला मुलूख खास नेमून दिला होता. १७९४ मध्ये वानवडीला महादजी गेले, त्यानंतर दोनच वर्षांत डी बॉयन परतला, आणि त्याच्या जागी पेराँ आला. घरातल्या कलहात दरबार गुंतला. कवायती फौजेचे वरचे सगळे हुद्दे परक्यांच्या हाती, आणि त्यांचे जाणे-येणे त्यांच्या मर्जीवर. युद्ध तोंडावर येताच कंपनी सरकारने जाहीरनामा काढला, की शिंद्यांची चाकरी सोडून येणाऱ्यांना तनखा मिळेल. बरेच गेले. ४ सप्टेंबरला अलीगडचा किल्ला पडला, तेव्हा इंग्रजांना दरवाज्याची वाट दाखवायला पूर्वी शिंद्यांच्याच नोकरीत असलेला एक अधिकारी पुढे होता. काही दिवसांतच पेराँ स्वतः इंग्रजांच्या स्वाधीन झाला आणि आपली माया घेऊन फ्रान्सला गेला. १८ ऑक्टोबरला आग्रा पडले आणि सँगस्टरच्या भट्ट्यांचा मालक बदलला.

अलीकडच्या काळात रँडॉल्फ कूपर या इतिहासकाराने या मोहिमांचा तपशीलवार अभ्यास केला. मराठ्यांची शस्त्रे आणि कवायत मागासलेली नव्हती, इंग्रजांनी विजय मिळवला तो बऱ्याच अंशी पैशाच्या आणि फोडाफोडीच्या बळावर, हाच त्याचाही निष्कर्ष आहे. दहा रुपयांच्या बंदुकीने आपल्याला दगा दिला नाही. तिच्यामागे उभ्या असलेल्या माणसाला महिन्याच्या महिन्याला पगार आणि घरचा सेनापती देणे, हे आपल्याकडून झाले नाही.

महाराजपूर आणि त्यानंतर

चाळीस वर्षांनी हीच गोष्ट आपल्या वेशीवर पुन्हा घडली. १८४३ मध्ये जनकोजीराव वारले, गादीवर लहानगे जयाजीराव बसले आणि दरबारात ताणाताणी सुरू झाली. ती संधी साधून लॉर्ड एलनबरोने फौजा पाठवल्या. २९ डिसेंबरला महाराजपूर आणि पनियार इथे एकाच दिवशी दोन लढाया झाल्या. आमच्या फौजेला एक सेनापती नव्हता, एक बेत नव्हता. तरी एकट्या महाराजपुरात इंग्रजांचे जवळजवळ आठशे लोक कामी आले किंवा जखमी झाले.

जिंकलेल्या तोफांच्या धातूतून इंग्रजांनी आपल्या सैनिकांसाठी पदके घडवली. ती 'ग्वाल्हेर स्टार' म्हणून ओळखली जातात. कोलकात्याला हुगळीच्या काठी, प्रिन्सेप घाटाजवळ १८४७ मध्ये बांधलेले ग्वाल्हेर स्मारक आहे, त्यालाही याच तोफांचा धातू लागला. आपल्यापैकी कोणी कोलकात्याला गेले तर ते जरूर पाहावे. ते त्यांच्या विजयाचे स्मारक खरे, पण ज्या शस्त्रांची भीती वाटली नाही त्यांचे कोणी घुमट बांधत नाही.

१८४४ च्या तहाने आपल्या फौजेवर नऊ हजारांची मर्यादा आली. १८५७ नंतर तर बंदूक ही वस्तूच संशयाची ठरली. शस्त्रबंदीच्या कायद्याने घरोघरच्या बंदुका मागितल्या गेल्या. घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानातल्या हलगली गावच्या बेडरांनी त्या द्यायला नकार दिला. बेळगावकडच्या वाचकांना ही कथा ठाऊक असेल. १८५७ च्या नोव्हेंबरअखेर गावावर फौज आली, गाव जाळले गेले आणि डिसेंबरात १९ जण फासावर चढले. त्यांच्याकडे होत्या त्या साध्या बंदुका, ज्यांच्यावर त्यांची शिकार आणि चाकरी चाले. १८७८ च्या शस्त्र कायद्याने ब्रिटिश मुलखात हिंदी माणसाला परवाना सक्तीचा झाला, गोऱ्यांना मात्र मुभा राहिली. बंदूक गेली, तशी नळी ठोकणारा लोहारही दुसऱ्या धंद्याला लागला. एका-दोन पिढ्यांत ते कसब हातातून गेले, आणि मग "आपल्याला कुठे येत होतं असलं काही" ही समजूत घट्ट झाली.

ती बंदूक पूर्ण मेली मात्र नाही. कोकणात आणि गोव्यात ठासणीची बंदूक पीकरक्षणाच्या परवान्यावर आजही आहे. रात्री रानडुकरे भातात शिरली, की तिचा एक बार पुरतो. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, संपली की परत आणायची, एवढाच तिचा राजकारणाशी संबंध.

कोपऱ्यातली बंदूक

आता पुन्हा खंडेनवमीच्या पाटाकडे येऊ. गेल्या काही वर्षांत आपल्यातली कितीतरी जुनी घरे पाडून सदनिका झाल्या. वाडा रिकामा करताना तलवार मुलाने नेली, पितळी भांडी मुलीने नेली, आणि बंदूक भंगारात गेली किंवा परवान्याची कटकट नको म्हणून काही न टिपता देऊन टाकली गेली. हे आपल्या डोळ्यांदेखत झाले आणि आपण सर्वांनी होऊ दिले.

ज्यांच्या घरी ती अजून आहे, त्यांना आमचे काही सांगणे आहे. पहिले म्हणजे, ती रिकामी आहे असे मुळीच गृहीत धरू नका. ठासणीच्या जुन्या बंदुकीत कधी काळचा बार तसाच राहिलेला असू शकतो, तेव्हा जाणत्या, परवानाधारक कारागिराकडून ती तपासून घ्या, मुलांच्या हाती देऊ नका. दुसरे, तिची कायदेशीर नोंद पाहा. जी दुरुस्त करूनही चालू शकत नाही अशा जुन्या नमुन्याच्या बंदुकीला १९५९ च्या शस्त्र कायद्यात वेगळी सवलत आहे, पण तुमची बंदूक त्यात बसते की नाही, हे विचारून घ्यावे लागेल. तिसरे, विटकर-पॉलिश लावून ती घासू नका. नळीवर किंवा दस्त्यावर देवनागरी वा फारसी अक्षरे, आकडा, शिक्का असेल तर तोच तिचा जन्मदाखला आहे. त्याचे छायाचित्र काढा. आणि चौथे, घरातल्या आजी-आजोबांकडून तिच्याबद्दल जे ऐकले असेल ते चार ओळींत लिहून ठेवा. कोणी वापरली, कुठल्या पागेत, कुठल्या गढीवर.

आम्ही शस्त्रांचे पोवाडे गायला बसलेलो नाही. बंदूक ही शेवटी माणूस मारायची वस्तू आहे, आणि ती दिवाणखान्याच्या कोपऱ्यात थंड पडली आहे हे चांगलेच आहे. पण तिच्यावर लादलेला खोटा ठपका तरी काढून टाकू या. ती स्वस्त होती, साधी होती आणि तिने आपले काम चोख केले. हरलो ते तिच्यामुळे नाही. पगार थकले, घरात फूट पडली, आणि मोक्याच्या जागा आपण इतरांच्या भरवशावर सोडल्या. ही तिन्ही कारणे एखादे राज्य बुडवायला पुरतात, तशी एखादी संस्था बुडवायलाही पुरतात. विघ्नहर्त्यापुढे दरवर्षी एकत्र जमणाऱ्या आपल्यासारख्या मंडळींनी ती लक्षात ठेवलेली बरी.

येत्या खंडेनवमीला तलवारीच्या हारातली दोन-चार फुले तिच्याकडेही सरकवा. आणि नातवाने विचारलेच, तर "तिचं काय" म्हणू नका. त्याला शेजारी बसवून आग्र्याच्या दहा रुपयांची गोष्ट सांगा.